शिंप्याच्या गाडीचा कार्बुरेटर

मी कार्बुरेटर बोलतोय. ऐका, पण लगेच विश्वास ठेवू नका. मीही आयुष्यात कुणावर ठेवला नाही.

माझं काम थोडक्यात सांगतो. हवा आणि पेट्रोल मापात मिसळायचं आणि इंजिनाला पाजायचं. मला लागूनच मॅनिफोल्ड असतो. तो चार फाट्यांचा नळ माझं मिश्रण चारही सिलिंडरना वाटून देतो. रांधणारा मी, वाढणारा तो. वाढणाऱ्याने घोळ केला तरी नाव रांधणाऱ्याचंच खराब होतं. म्हणून त्याच्यावर माझी पहिल्या दिवसापासून नजर.

कारखान्यात तपासनिसाने मला तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. त्याला माझा संशय, मला त्याचा. मग एका लहान गाडीत मला बसवलं. ती गाडी दोन हातांतून फिरून एका शिंप्याकडे आली. त्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान चढाच्या पायथ्याशी, मागे घर, दारात गाडी.

मास्तर हौशी. महिन्याला मला उतरवायचा, ब्रशने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. तेल मात्र कधी घातलं नाही. शिवणयंत्राला रोज सकाळी कुपीतले चार थेंब मिळायचे. बॉनेट उघडं असलं की मला दिसायचं. मी मागितलं नाही. मागणं माझ्या स्वभावात नाही.

चढाच्या वरच्या टोकाला मास्तरीणबाईंची थोरली बहीण राहायची. अंथरुणाला खिळलेली, एकटी. बाई दर आठवड्याला डबा घेऊन तिच्याकडे जात, तिची वेणी घालून येत. बाईंचे गुडघे गेल्यापासून गाडीशिवाय तो चढ होणं नव्हतं.

एके दिवशी चढाच्या वळणावर मास्तरने गिअर बदलायला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिन मेलं. गाडी उलटी घरंगळली. मागे खोल उतार. हातब्रेक लागला म्हणून निभावलं. बाई डबा घेऊन खाली उतरल्या.

"अहो, या गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

"एखाद्या वेळी होतं गं."

"तिसरी वेळ आहे. तुम्ही विसरता, मी मोजते."

त्या आठवड्यात ताईंकडे कुणी गेलं नाही. पुढच्याही नाही. मास्तर काज करायचा आणि मधूनच गाडीकडे बघायचा. गाडीकडे म्हणजे माझ्याकडे. खापर माझ्यावरच फुटणार होतं.

पण खरा गुन्हेगार मला ठाऊक होता. मी आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यात जाड कागदाचं गॅस्केट लागतं. मास्तरने ते घरीच कापलं होतं, कॉलरीत घालतात त्या बकरमचं. कात्री अशी चाललेली की एक धागा बाहेर नाही. पण बकरमची खळ पेट्रोलने सुटते आणि फटीतून हवा शिरते. दोष माझ्यात नाही, एवढं मला पुरेसं होतं.

मग मास्तरचा जावई खोकं घेऊन आला. आत हवा ओढायला दोन घसे असलेला कार्बुरेटर आणि त्याचा चकचकीत मॅनिफोल्ड. माझ्याहून दुप्पट. इतकं चमकणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच.

"मामा, हा बसवा. रेसच्या गाड्यांना असाच असतो."

मिस्त्रीला बोलावलं. तो आला, बोलला काही नाही, नुसता बघत राहिला. न बोलणाऱ्याचा मला जास्त संशय. त्याने मला उतरवलं आणि सांध्यातली चिंधी चिमटीत धरली.

"मास्तर, हे काय?"

"बकरम. चांगल्यातलं आहे."

"इंजिनाची कॉलर ताठ राहावी म्हणून?"

बाई दारातून म्हणाल्या, "तरी मी म्हणते, परवाच्या गिऱ्हाइकाची कॉलर पडेल कशी झाली."

मास्तर कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मिस्त्रीने नीट गॅस्केट घालून मला परत बसवलं, इंजिन सुरू केलं. आवाज तरी वरखालीच. हवा कुठून शिरते ते शोधायला मिस्त्रीने तेल मागितलं. मास्तरने शिवणयंत्राची कुपी आणली. मिस्त्रीने सांध्यावर थेंब सोडला. फरक नाही. मॅनिफोल्डच्या बुडाशी सोडला. फरक नाही. ज्याच्यावर मी जन्मभर पाळत ठेवली, तो निर्दोष निघाला.

मग एक थेंब माझ्या दांडीवर पडला. माझ्या घशातली झडप जिच्यावर फिरते, ती दांडी. तेलाने फट बुजली आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. थोड्या वेळाने तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा खोकला. मिस्त्रीने परत थेंब सोडला. पुन्हा तेच.

"भोक झिजलंय याचं. पाय उचलला की इथून हवा पितो आणि इंजिन मारतो. बकरम नावाला. मुख्य चोर हाच."

तीस वर्षं मी सगळ्यांच्या फटी बघत होतो.

"मग जावयाचा बसवायचा?" मास्तरने विचारलं.

"इंजिन केवढं, घसा केवढा? एवढ्या मोठ्या घशातून हवा सावकाश येणार, पेट्रोल उचलणार नाही. वळणावर आणखी दम लागेल."

"रेसमध्ये..." जावई म्हणाला.

"जावईबापू, यांना रेसला जायचं नाही. मेहुणीकडे जायचंय."

मास्तरने गळ्यातली टेप काढली. माझा घसा मोजला, खोक्यातल्याचे दोन मोजले. "बारक्या पोराला पहिलवानाचा सदरा," म्हणाला आणि खोकं बंद केलं.

मिस्त्रीने माझ्याच मापाचा, एका घशाचा, घट्ट दांडीचा कार्बुरेटर आणला. जुना मॅनिफोल्ड तोच राहिला. मला मास्तरने भंगारात दिलं नाही. धुतलं, पुसलं आणि कापायच्या टेबलावर ठेवलं. आता कापड सरकू नये म्हणून मी त्यावर बसतो.

पहिल्या दिवशी बाई डबा घेऊन गाडीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"वळणावर थांबली तर मी तिथूनच परत येईन."

"ये," मास्तर म्हणाला.

दार लागलं. मी खिडकीकडे कान लावला. नवा आहे, दगा देणार, अशी माझी खात्री होती. आवाज चढाला लागला. वळण आलं. पाय उचलला. आवाज खाली बसला... आणि मेला नाही. गिअर पडला, गाडी वर गेली. बाई संध्याकाळी परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता.

आता दर आठवड्याला मी तो आवाज ऐकतो. अजून चूक सापडलेली नाही. शोधतोय.

एकच सांगणं आहे. महिन्याला त्या नव्याच्या दांडीवर कुपीतला एक थेंब सोडा. त्याच्यासाठी म्हणत नाही. बाई गाडीत बसतात म्हणून.