डोक्यातली गाठ, डोक्यावरचा फेटा

मी एक गाठ बोलतेय. रुमालाची नव्हे, मेंदूच्या पेशीतली. सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी मावतील.

शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरातल्या एका पेठेत लालासाब फेटे बांधायचे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला पेठेची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच काठी, हंबीरराव उचलत. त्यांचा फेटा लालासाबांच्याच हातचा. त्यात गाठ नाही, टाचणी नाही. नुसत्या घड्यांवर उभा! लालासाबांना त्याचा भारी तोरा.

मीही त्यांच्याच डोक्यात जन्मले तेव्हा प्रथिनाचा साधा धागा होते. नीट घडीत राहायचं आणि मेंदूतले निरोप पोचवायला हातभार लावायचा, एवढंच काम. एके दिवशी माझी घडी चुकली. अशा चुकारांना पेशी झाडून काढते, पण मी निसटले. शेजारच्या धाग्यांना बिलगले. मला वाटलं, संसार वाढला! पण आमच्या ढिगाखाली पेशीच गुदमरून मेली. मग दुसरी, तिसरी. लालासाबांचा हात थरथरू लागला. औंदा फेटा जमणार का, या घोरानं त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

यात्रेच्या आदल्या दिवशी हंबीरराव आले. लालासाबांचा मांडीवरचा हात थडथडत होता. बायको बिबीजान शेजारी पीठ मळत होती.

"चाची, चाचांच्या अंगात आलंय की!" हंबीररावांनी लगबगीनं गुलाल लावून हात जोडले. "देवा, औंदा पाऊस कसा हाय?"

"आधी माझ्या सदऱ्याचं बटन लाव, मला जमंना. मग सांगतो," लालासाब म्हणाले.

बिबीजान हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "देव न्हाय रं बाबा, कंपवाताचं दुखणं हाय. वरीस झालं."

हंबीररावांनी खाली बसून डोकं पुढं केलं. "बांधा कसा बी. दुसऱ्याच्या हातचा न्हाय घालणार. न्हायतर बोडक्यानं काठी उचलीन."

लालासाबांनी पहिला पेच घेतला आणि हात थिजला. माझाच प्रताप! बिबीजाननं परात पालथी घातली आणि हलगीसारखी बडवू लागली. गंमत बघा, त्या ठेक्यावर हात सुटला! मी इकडं वाट अडवून बसलेली, ठेका दुसऱ्याच वाटेनं पोचला. फेट्याच्या सुट्या टोकाचा शेमला तेवढा वाकडा पडला.

"ऱ्हाऊ द्या," हंबीरराव आरशात बघत म्हणाले, "झोकात दिसतंय."

पुढच्या चैत्रात पेठेतले दहाजण मुद्दाम वाकडा शेमला सोडून निघाले.

लालासाबांबरोबर मीही मातीत गेले. माझं गोत मात्र अजून कित्येक डोक्यांत आहे, आणि आम्हाला सोडवायची युक्ती कुणाला सापडलेली नाही. सापडली की खुशाल सोडवा. तोवर कुणाचा हात थरथरला तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. जरा ठेका धरा.