रविवारी गप्प बसणारी मशीन

मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले, त्याच वर्षी मी या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळ्या रंगाची. माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. हात घासून घासून ती पुसली गेली. एक पान तेवढे उरले आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतले, कानशीने घासले, चाके बसवली, तेल पाजले. मग एका कारागिराने मला चालवून माझ्याजवळ कान आणला आणि म्हणाला, "बोलते छान." आयुष्यातले पहिले कौतुक कोण विसरते?

लग्नाचे कपडे शिवून झाले, नवरी सासरी गेली. तिचा धाकटा भाऊ सहज म्हणून माझ्यासमोर बसला, तो बसलाच. पुढे लोक त्यालाच मास्तर म्हणू लागले. त्याचेही लग्न झाले. बायको काजबटणांचे काम बघू लागली. पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची म्हणजे घर, असा संसार सुरू झाला.

मग मुलगी झाली. तिचा पाळणा माझ्या शेजारीच होता. मी चालू असले की ती झोपायची, मी थांबले की टकमक बघायची. चालायला लागली तशी दिवसभर घरात गरगर फिरायची, म्हणून मास्तर तिला बॉबीन म्हणू लागले. बॉबीन म्हणजे माझ्या पोटात फिरणारी दोऱ्याची चकती. तिचे खरे नाव फक्त शाळेला ठाऊक होते.

एकदा एक डॉक्टरीणबाई आपल्या पांढऱ्या कोटाचा फाटलेला खिसा शिवायला आल्या. मास्तरांचा हात बघून म्हणाल्या, "मास्तर, टाके मीही घालते. फक्त माझं कापड हलतं आणि ओरडतं!" सगळे हसले. बॉबीन हसली नाही. कोट शिवून होईपर्यंत ती डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या गेल्यावर म्हणाली, "बाबा, मला हेच व्हायचंय."

"शिंप्याच्या पोरीने टाकेच घालायचे," मास्तर म्हणाले. "कापड कुठलंही असो."

कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तिचा अभ्यास सुरू झाला. मी खडखड करायची, ती पाने उलटायची. सरावाच्या प्रश्नपत्रिका ती अशा सोडवायची की तपासणारे शिक्षक मान डोलवायचे. मला वाटे, या पोरीच्या अभ्यासाला माझीच साथ आहे. गर्वाने माझे चाक जरा जास्तच फिरत असे.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला ती गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा धुऊन आटलेल्या कापडासारखा झाला होता. जेवली नाही. फार विचारल्यावर एवढेच म्हणाली, "डोकं रिकामं झालं. सगळं येत होतं, पण काही आठवेना." अर्धा पेपर कोरा राहिला होता. घाईघाईत जे लिहिले, त्यातले पुष्कळ चुकले आणि चुकल्याबद्दल आणखी गुण कापले गेले.

समोरचा इस्त्रीवाला मनाने वाईट नव्हता, पण त्याची जीभ त्याच्या इस्त्रीपेक्षा गरम. तो म्हणाला, "मास्तर, उगाच आभाळाला ठिगळ लावायला निघालात. पोरीला काजबटणं शिकवा."

"तुम्ही तुमच्या घड्या सांभाळा," आतून बॉबीनच्या आईचा आवाज आला. "आमच्या आम्ही बघू."

पण बॉबीननेच हाय खाल्ली होती. पुस्तके बांधून ठेवायला निघाली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून आईने कसेबसे तिला टेबलाशी बसवले. अशीच एका दुपारी ती भौतिकशास्त्राचे गणित सोडवत होती आणि माझा पट्टा तुटला. मी थांबले. त्याबरोबर बॉबीनची पेन्सिलही थांबली. ती छताकडे बघू लागली, नख खाऊ लागली. मास्तरांनी पट्टा जोडला, मी पुन्हा खडखडले आणि पेन्सिल भरभर धावू लागली. आई हुक लावत होती. तिने सुई खाली ठेवली.

"अहो, थांबवा बघू ती."

मास्तरांनी पाय थांबवला. पेन्सिल थांबली.

"आता चालवा."

पेन्सिल चालू लागली.

"अगं बाई!" आई म्हणाली. "हिला सगळं येतं. हिला फक्त शांतता येत नाही!"

मित्रांनो, मला लोखंडाला घाम फुटायचा बाकी राहिला. परीक्षेच्या खोलीत माझा आवाज नव्हता, म्हणून माझी बॉबीन अडली होती. मी स्वतःला तिचा आधार समजत होते आणि झाले होते तिची कुबडी.

आईने ठरवून टाकले. दर रविवारी दुपारी दार लावायचे, मशीन बंद ठेवायची आणि खऱ्या परीक्षेइतका वेळ लावून बॉबीनने पेपर सोडवायचा. दिवस शाळांच्या गणवेशांचे होते. कापडाचे ढीग खिडकीपर्यंत आले होते. तरी मास्तर हो म्हणाले. त्यांनी माझ्यावर चादर टाकली. भर हंगामात चादर! मला अपमानच वाटला.

पहिल्या रविवारी बॉबीन थोड्याच वेळात रडू लागली. मास्तरांची अवस्था तिच्याहून वाईट. रिकामे बसायची सवयच नाही. त्यांचा पाय जमिनीवर आपोआप हलायचा. आई दबक्या आवाजात म्हणायची, "पाय आवरा. परीक्षा तिची आहे, तुमची नाही."

बाहेरून इस्त्रीवाल्याने हाक मारली, "मास्तर आजारी आहेत काय?"

"नाही हो, मशीन आजारी आहे," आईने दारातून सांगितले. "संध्याकाळपर्यंत बरी होईल."

पुढच्या रविवारी बॉबीन रडली नाही, पण अर्ध्यातच उठली. त्याच्या पुढच्या रविवारी शेवटपर्यंत बसली. हळूहळू तिला युक्त्या सापडू लागल्या. येणारे प्रश्न आधी सोडवायचे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचे आणि मग परत यायचे. छाती धडधडली तर पेन्सिल खाली ठेवून चार श्वास घ्यायचे. चुकलेला प्रत्येक प्रश्न सोमवारी पुन्हा सोडवायचा. मी चादरीखालून ऐकत होते. तिच्या पेन्सिलीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. तोवर मी तो कधी ऐकू येऊच दिला नव्हता.

मग एक रविवार असा आला की पेपर संपवून बॉबीनने अंग ताणले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, आज मशीन बंद होती का?"

मास्तरांनी आईकडे पाहिले. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "चला, आता घेऊ दे त्यांना परीक्षा कुठे घ्यायची ती!"

खरी परीक्षा झाली. बॉबीन दारात आली. कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, भूक लागलीय. खूप." आई हसत आत पळाली. अर्धा निकाल तिला तिथेच कळला होता.

उरलेला निकाल इस्त्रीवाल्याने आणला. हातात फोन आणि मागे कोणाचा तरी शर्ट जळत होता! "मास्तर! पोरीचा नंबर लागला! सरकारी कॉलेजात लागला! आभाळाला ठिगळ बसलं हो!" मास्तरांनी माझ्यावरची चादर ओढून काढली आणि मला चालवू लागले. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हते. नुसताच खडखडाट! गल्लीतली माणसे गोळा झाली. बॉबीन खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतके सुंदर मी कधीच बोलले नसेन. तिचा पहिला पांढरा कोट माझ्यावरच शिवला, दुहेरी शिवणीचा.

पुढे विजेवर चालणारी मशीन आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साठली, चाक गंजले. तक्रार नाही, पण वाईट वाटायचे. डॉक्टर झालेली बॉबीन एका सुट्टीत आली, तिने रद्दी काढली आणि माझ्या एकेका सांध्यात तेल सोडले.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांना अधूनमधून तेल द्या, त्यांच्यात अडकलेले दोरे काढा. आणि सराव करताना जे येते तेवढ्याचाच करू नका. ज्याची भीती वाटते त्याचाही करा. भीतीसुद्धा सवयीने मवाळ होते, हे मी पाहिले आहे.

मुलीच्या नावाची पाटी दवाखान्यावर लागलेली मास्तरांनी पाहिली. त्याच्या पुढच्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका गुरुवारी सकाळी मास्तर वारले.