झेनाइदाचं मत

थिएटरसमोर येताच झेनाइदाने हात वर करून विचारलं, “शेवटचं कोण?” कठड्यावर बसलेल्या पिवळ्या झग्यातल्या मुलीने बोट वर केलं. झेनाइदाने तिचा चेहरा ध्यानात ठेवला आणि ती झाडाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने अर्सेनिओ आला. त्यानेही तेच विचारलं, आणि झेनाइदाचा हात वर झालेला पाहून तो खूश झाला.

“म्हणजे मी बाईंच्या मागे. आज मजा आहे.”

हवानात रांग अशीच लागते. एकामागे एक कुणी उभं राहत नाही. आपल्या पुढचा माणूस तेवढा सांभाळायचा, मग कुठेही बसा.

दर डिसेंबरला चित्रपट महोत्सवाचे दहा दिवस ही दोघं घरदार विसरत. अर्सेनिओने जन्मभर बस चालवली होती. झेनाइदा शिवणकाम करायची, आणि अर्ध्या रांगेच्या विजारी तिने उसवून मोठ्या करून दिल्या होत्या. पण तिचा दरारा होता तो मतामुळे. सिनेमा सुटला की प्रत्येकाने आत जाताना मिळालेली मताची चिठ्ठी एक ते पाचपैकी एका आकड्यापाशी फाडून पेटीत टाकायची. प्रेक्षकांचं बक्षीस त्यावरून ठरे. झेनाइदा कुठे फाडते ते पाहून तीस-चाळीस जण आपापल्या चिठ्ठ्या फाडत. पाच तिने आजवर कुणालाही दिले नव्हते.

आजचा सिनेमा तिच्या मुलाचा होता, लेआंद्रोचा, पहिलाच. तो बापाचं आडनाव लावायचा आणि ती माहेरचं, त्यामुळे रांगेत कुणाला पत्ता नव्हता. उगाच पाच दिले तर इतक्या वर्षांचं तिचं मत खोटं ठरणार. हात आखडला तर पोराचं बक्षीस आईच्याच हातून जाणार.

दारं उघडायची वेळ झाली तशी तिने पर्स काखेत मारली.

“अर्सेनिओ, मी घरी चालले. तुम्ही आता त्या पिवळ्या झग्याच्या मागे.”

“कुठला पिवळा झगा?”

कठड्यावर कुणीच नव्हतं.

“बाई, तुम्ही गेलात तर मी कुणाच्या मागे? आणि हे सगळे माझ्या मागे आहेत!”

“अहो, बाईंना धरा!” मागून कुणीतरी ओरडलं. बघता बघता पंचवीस माणसं आपण नक्की कुणाच्या मागे यावरून भांडायला लागली. पिवळ्या झग्यातली मुलगी धापा टाकत परत आली, तेवढ्यात दारं उघडली आणि लोंढ्याबरोबर झेनाइदा आत ढकलली गेली.

पडद्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती. ओठांत टाचण्या धरून ती पोराला रागवायची, शब्द धड कळायचे नाहीत, आणि पोरगा त्याचा फायदा घेऊन पळायचा. थिएटर खो खो हसलं. झेनाइदा हसली नाही. ते पोर आपल्याकडे एवढं बघत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. शेवट मात्र लांबला होता. त्याआधी दोनदा संपवता आला असता. तेही तिला दिसलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

पडद्यावरची नावं संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग चिठ्ठी मुठीत दाबून बाहेर आली. आता सगळे घेरणार, या तयारीने आली, पण पेटीपाशी एकटा अर्सेनिओ उभा होता. बाकीचे फुटपाथवर शेंगदाणे खात भलतीकडेच बघत होते.

“थांबले नाहीत कुणी?”

“सगळ्यांच्या फाडून झाल्या.”

“मला न विचारता?”

“पोराच्या आईला काय विचारायचं?” अर्सेनिओ म्हणाला. “वीस वर्षं तुम्ही तोंडात टाचण्या धरून मला शिव्या घालताय. अख्ख्या रांगेने ओळखलं, बाई.”

झेनाइदाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. आज तिचं मत एकटीचं होतं. चुरगळलेली चिठ्ठी तिने पेटीवर ठेवून तळव्याने सरळ केली आणि अगदी टोकाला, पाचापाशी फाडली.

अर्सेनिओने मान लांब करून पाहिलं.

“पाच? अहो, शेवट केवढा लांबवलाय त्याने! चारचा सिनेमा आहे.”

“माहीत आहे,” म्हणत तिने चिठ्ठी पेटीत टाकली.