पहिला शेजारी

निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा माझ्या नवऱ्याची, दिडेरिकची खात्री पटली की अॅमस्टरडॅम शहर खास त्यालाच छळण्यासाठी वसवलंय. खालच्या मजल्यावर पर्यटक, समोरच्या कालव्यात लग्नाआधीची पार्टी करत बोटी भरभरून ओरडणारे नवरदेवाचे मित्र, आणि घरांचे भाव असे, की आमचंच घर आम्हाला पुन्हा घेता आलं नसतं. "मार्लेन, मला माणसं नकोत. माणसं पुरे झाली," तो म्हणाला. तीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन 'संवाद कसा साधावा' हे शिकवणारा माणूस हा.

मग वधूपरीक्षेला निघाल्यासारखी आम्ही सात गावं पाहिली. सातव्या गावाला, जर्मनीच्या सीमेजवळच्या आल्टेनला, त्याने होकार दिला. गावाच्या कडेला विटांचं घर, मागे कुरण, समोर एकच घर.

"शेजारी किती?" त्याने दलालाला विचारलं.

"एकच. म्हातारं जोडपं आहे."

"उत्तम!" दिडेरिक म्हणाला. जोडपं बहिरंही असतं तर त्याने भावात घासाघीस केली नसती.

आम्ही आलो त्याच दिवशी, तो चड्डीवर स्टुलावर उभा राहून पडद्याची दांडी लावत असताना, मागच्या दाराने एक ठेंगणी म्हातारी थेट स्वयंपाकघरात आली. दार वाजवणं वगैरे शहरी चोचले तिला माहीत नव्हते.

"मी दिनी वोल्टरिंक. समोरची. आमचा अल्बर्ट गुडघ्यांनी अधू आहे, नाहीतर तोही आला असता." तिने दिडेरिकला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तो जवळजवळ दोन मीटर उंच, त्यात स्टुलावर, त्यामुळे वेळ लागला. "आमच्या घराला सगळ्यात जवळचं घर तुमचं. म्हणजे तुम्ही आमचे पहिले शेजारी. कळलं ना?"

"कळलं," तो म्हणाला. त्याला काडीचं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मागच्या दाराला आतून कडी घातली. सकाळी दहाला दिनीमावशीने दार ढकललं, ते उघडेना. या भागात दिवसाढवळ्या मागचं दार बंद याचा एकच अर्थ: आत कुणीतरी मरून पडलंय. पंधरा मिनिटांत गाईवाला टोनी शिडी घेऊन आला आणि न्हाणीघराच्या खिडकीतून आत डोकावला. आत दिडेरिक टबात होता.

"जिवंत आहे!" टोनीने खाली ओरडून सांगितलं. "नुसता न्हातोय."

कडी त्या दिवशी निघाली. दिडेरिक आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी दिनीमावशी आली, कोट न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अल्बर्ट गेला. झोपेतच. आता पुढचं तू बघ, दिडेरिक."

"मी? मी काय बघू? डॉक्टरला बोलावू?"

"डॉक्टर येऊन गेला. तू पहिला शेजारी. तू घरोघरी जाऊन सांगायचं. मग उचलायला माणसं जमवायची, ओव्हन पेटवून पाव भाजायला लावायचा, पाद्र्याशी बोलायचं."

"पण तुझे दोन मुलगे आहेत ना?"

"आहेत की. त्यांनी रडायचं. कामं शेजाऱ्यांनी करायची. एकाच माणसाला दोन्ही कसं जमेल?"

फोन केला तर चालेल का, हे त्याने विचारून पाहिलं. दिनीमावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गपचूप बूट चढवू लागला. त्या भागात सोळा घरं होती. तो वाटेत जर्मनीत पळून जाईल या भीतीने मीही सायकल काढली.

पहिलं घर टोनीचं. दार त्याच्या बायकोने उघडलं. आमचा संवादतज्ज्ञ उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "सुप्रभात. कळवायला आलो होतो की... अल्बर्टच्या संदर्भात एक बदल झालेला आहे."

"बदल? मेला का?"

"हो."

"मग तसं सांग ना, बाबा! ये आत, कॉफी घे."

कॉफी नाकारता येत नव्हती. दर घरी कॉफी, आणि अकरानंतर जेनेवर या डच दारूचा पेला. पाचव्या घरापर्यंत तो "अल्बर्ट गेला" म्हणायला शिकला. नवव्या घरापर्यंत टोपी काढून म्हणायला शिकला. बाराव्या घरी तो समोरच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत ऐकत बसला. इतकं ऐकताना मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

चौदावं घर मेंढ्या पाळणाऱ्या लुबर्टचं. तो आणि अल्बर्ट एका चराच्या हद्दीवरून एकोणीस वर्षं बोलत नव्हते, हे आम्हाला तेराव्या घरी चवीचवीने सांगण्यात आलं होतं. लुबर्टने बातमी ऐकली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "मी कुठल्या बाजूने खांदा देऊ?"

दिडेरिकला ठाऊक नव्हतं. "माझ्या पुढे," तो म्हणाला.

शवपेटी उचलण्याची तालीम टोनीच्या गोठ्यात झाली. शिडीवर पेंडीची पोती लादली आणि सहा जणांनी ती खांद्यावर घेतली. पाच जण चारचौघांसारखे आणि सहावा आमचा मनोरा. पोती घसरून लुबर्टच्या डोक्यावर आली.

"असं नेलंत तर अल्बर्ट कबरीपर्यंत चालत जाईल," टोनी म्हणाला. "गुडघे वाकव, दिडेरिक. अजून. अजून! बायकोपुढे वाकतोस तेवढा."

"तेवढा नाही जमायचा," मी म्हटलं. गाईसुद्धा हसल्या असाव्यात.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चपासून कबरीपर्यंत तीनशेबारा पावलं होती. त्याने आदल्या दिवशी जाऊन मोजली होती. तीनशेबारा पावलं तो गुडघे वाकवून चालला. वारा बर्फासारखा होता आणि त्याचा चेहरा बीटरूटसारखा. कबरीशी पोचेपर्यंत त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गुडघ्यांमुळे, असं तो आजही सांगतो. मीही तसंच सांगते. नवऱ्याची अब्रू राखावी लागते.

नंतर सभागृहात कॉफी आणि मनुकांचा पाव. दिनीमावशी त्याच्याजवळ आली. "अल्बर्ट अगदी सरळ गेला," ती म्हणाली. "कुठेही कलला नाही." तिने त्याच्या दंडावर थोपटलं. त्याहून वर तिचा हात पोचत नव्हता.

टोनीने तोंडातला पाव गिळला. "तुझ्या वेळेला मात्र आठ जण लागतील. सहांत तू उरकायचा नाहीस."

यावर राग यायला हवा. पण दिडेरिकने पडेल आवाजात विचारलं, "आठ जण मिळतील?"

"मिळतील की. तू काय उपरा आहेस?"

दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. आठ दिवस तो पाटासारखा सपाट पडून होता. गावाला कळायला अर्धा तास लागला. मग सूप सुरू झालं. सोळा घरांतून सोळा पातेली वाटाण्याचं सूप, प्रत्येकात डुकराच्या मांसाचे तुकडे. मला आजही वाटाणा दिसला की मी रस्ता ओलांडते.

बरा झाल्यावर तो पातेली धुऊन परत द्यायला निघाला, तेव्हा दिनीमावशीने त्याला दारातच अडवलं. "रिकामी? दुसऱ्याचं भांडं रिकामं देतोस? आईने काही शिकवलं की नाही?"

"मला अंडंसुद्धा उकडता येत नाही, मावशी."

"ते दिसतंच आहे."

अल्बर्ट गेल्यापासून ती चुलीजवळ फिरकली नव्हती, हे तिच्या मुलाने मला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने माझा एप्रन चढवला आणि दिडेरिकला सफरचंदं सोलायला बसवलं. तो जाड साली काढतो म्हणून ओरडली, लोणी मोजून घेतो म्हणून ओरडली, ओव्हनमध्ये सारखा डोकावतो म्हणून तर फारच ओरडली. सोळा केक व्हायला तीन दिवस लागले. पहिला खालून करपला. तो कुणाला देता येईना, म्हणून ती आमच्याच टेबलाशी बसली आणि करपलेला भाग सुरीने खरवडत म्हणाली, "कॉफी टाक, मार्लेन. हा आपणच संपवू."

तिने तीन तुकडे खाल्ले. दिडेरिकने विचारलं, "कसा झालाय?"

"वाईट," ती म्हणाली आणि चौथा घेतला.