पाठ असलेलं माप

गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं असलं तरी नवे बूट बेतण्याआधी वस्ताद त्याला कागदावर उभं करायचेच. गुडघे टेकून पायाभोवती पेन्सिल फिरवायची, चवड्याला फीत गुंडाळायची, करंगळी दाबून बघायची. "माणूस तोच राहतो, पाय बदलतो," असं ते बजावत.

फक्त एका माणसाचं माप त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्न झालं त्या आठवड्यात. बायकोचं. त्या मापाचा लाकडी साचा दुकानात खिळ्याला टांगलेला असे. कुणी नवखं आलं की तो खाली काढून वस्ताद छाती फुगवत, "हिचं माप घ्यावं लागत नाही. हाताला पाठ आहे. सव्वीस वर्षांत हिचा एक जोड कधी दुरुस्तीला आला नाही!" बायको आतल्या खोलीच्या दारात उभी राहून हसायची. वस्तादांना ते कौतुक वाटे. नवऱ्यांना कौतुक जरा लवकरच ऐकू येतं.

मग रस्त्यापलीकडे यंत्रावर बूट करणारं दुकान आलं. काचेच्या पाटावर उभं राहायचं, कॅमेरा चारी बाजूंनी पाय बघणार, दहा पावलं चालायला लावणार, आणि यंत्र आपल्याच अकलेनं जोडा बेतून, शिवून दुसऱ्या दिवशी खोक्यात घालून देणार. ज्यांच्या बापाचे पाय वस्तादांनी मांडीवर घेतले होते, ती माणसं आता पलीकडच्या फुटपाथवरून नजर चुकवून जात. वस्तादांचा नुसता जळफळाट होई. "यंत्राला पाय तरी आहेत का? त्याला कुरूप कधी झालंय? ज्याचं जळतं त्यालाच कळतं!"

आणि एका सकाळी त्यांच्या लेकीनंच तिथलं खोकं आणून दुकानात ठेवलं.

"आईसाठी आणलेत, बाबा."

"माप कुठून मिळालं त्यांना?"

"परवा मीच घेऊन गेले होते तिला."

वस्तादांचा पारा चढला. इतका चढला, की त्यांनी तिथंच पैज लावली. "तुझी आई दोन्ही जोड घालून कोपऱ्यापर्यंत चालेल. हे खोक्यातले बरे वाटले असं ती म्हणाली, तर दुकानाची पाटी आत्ता उतरवतो. वस्तादाची जबान आहे!"

बायको आधी यंत्राचे बूट घालून गेली आणि आली. मग रोजचे जुने, वस्तादांनी केलेले घालून गेली आणि आली. लेकीकडे न बघता म्हणाली, "तुमचेच बरे, अहो." आणि ते काढून ठेवून आत चहा टाकायला गेली.

वस्तादांनी मांडीवर थाप मारायला हात उचलला, आणि तो तसाच राहिला. कान पक्के होते त्यांचे. यंत्राच्या बुटांत तिची पावलं सारखी पडली होती. त्यांच्या बुटांत डावं पाऊल दर वेळी जरा उशिरा टेकत होतं. तो तिच्या चालण्याचा ढंगच आहे, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

त्यांनी तिचा जुना बूट उचलला आणि आत हात घातला. करंगळीच्या जागी चामडं आतून त्यांच्याच चामडं कापायच्या रापीनं तासलेलं होतं. अस्तर उसवून टाचेपाशी जुन्या चादरीची घडी बसवली होती आणि वरून इतके बारीक टाके घातले होते, की बोटाला जेमतेम लागावेत. रापीची धार सारखी बोथट होते म्हणून पोलादवाल्याशी केलेली भांडणं त्यांना आठवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा तर गावभर मिरवत होता.

कागद, पेन्सिल घेऊन ते आत गेले आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. "पाय ठेव."

तिनं त्यांच्या हातातला बूट पाहिला. "ही पोर झाली तेव्हाच वाढला होता पाय," ती हलकेच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत तो साचा नाचवायचात. तुम्हाला खोटं पाडायचं होतं का मी?" तिनं चहा गाळला. "आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?"

"आता विचारतोय. ठेव ना."

"राहू द्या हो. त्यांच्याकडे आहे माप."

रागानं म्हणाली असती तर वस्तादांना सोसलं असतं. ती अगदी मायेनं म्हणाली. चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवून, खोक्यातले बूट घालून ती मागच्या दारानं भाजी आणायला निघून गेली.

वस्ताद उठले, कोरा कागद खिशात कोंबला आणि स्टूल घेऊन बाहेर आले. स्टुलावर चढून त्यांनी पाटीचा पहिला खिळा पकडीत धरला. लेक धावत आली.

"बाबा, हे काय करताय? आई तर तुमचेच बरे म्हणाली!"

खिळा गंजला होता, निघता निघत नव्हता.

"सव्वीस वर्षं तेच म्हणतेय ती," वस्ताद म्हणाले. "स्टूल धर."