तलावातल्या पाच काठ्या

रश्मीचं एक वागणं रुक्माबाईंच्या डोक्यात जायचं. काम सांगायचं, पण ते का करायचं हे सांगायचं नाही. विद्यापीठात पडद्यावर चित्रं दाखवून तासभर बोलेल, पण घरच्या आजीनं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुले नाही समजायचं आजी, सांगितलं तेवढं कर." चाळीस वर्षं लोकांच्या धानात गुडघाभर चिखलात रोवणी केली, अन् त्या बाईला म्हणे तलावातलं समजत नाही.

नातीचं काम गोगलगाईंचं होतं. गुरा-बकऱ्यांच्या काळजात, रश्मीच्या भाषेत यकृतात, एक चपटा किडा होतो. तो लहान असतो तेव्हा गोगलगाईच्या पोटात वाढतो, एवढं रुक्माबाईंनी कान देऊन मिळवलेलं. तामसी गावाच्या वाटेवरच्या तलावात रश्मीनं पाच ठिकाणी बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी आदिलाबादहून बसनं जायचं, एकेका काठीपाशी दहा वेळा जाळी फिरवायची अन् निघेल ते त्या-त्या काठीच्या डब्यात टाकायचं. दोन वर्षं हे चाललं होतं. सारी पीएचडी त्यावर उभी.

या खेपेला रश्मी टायफॉइडनं अंथरुणावर. तिचे वडील शाळेत, परीक्षेच्या कामात. मग रुक्माबाईच जाळी अन् डबे पिशवीत घालून बसमध्ये बसल्या.

पहिल्या काठीपाशी दहा वेळा जाळी फिरवली. एक गोगलगाय निघाली, तीही मेलेली. दुसरीपाशी काही नाही. तिसरीपाशी नुसतं शेवाळ. चौथीपाशी दोन, नखाएवढ्या. पाचवीपाशी पुन्हा काही नाही. रुक्माबाईंना लाज वाटली. पोरीनं पहिल्यांदाच भरवशानं काम सोपवलं अन् आपण हात हलवत घरी जायचं? म्हशी बसतात त्या कोपऱ्यात, करंजाच्या सावलीखाली गोगलगाई कशा चिकटून असतात हे त्यांना परकर नेसायच्या वयापासून ठाऊक. तिकडं गेल्या, बुडालेली पानं एक-एक उलटी केली. अर्ध्या तासात पाचही डबे भरले. कोणत्याही डब्यावर अन्याय नको म्हणून सारखे वाटून भरले.

रश्मीनं अंगात ताप असतानाच मोजल्या. दोनशे अकरा. एरवी पाच काठ्यांच्या मिळून वीस-पंचवीस निघायच्या. एकेक गोगलगाय काचेच्या लहान भांड्यात घालून दिव्याखाली ठेवली, तर पाण्यात बारीक शेपटीवाले जीव, त्याच किड्याची पिल्लं, वळवळायला लागले.

"आजी, तुह्या हातानं तं लॉटरीच लागली," ती म्हणाली.

दोन दिवस रुक्माबाई कौतुकात डुंबत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यांच्या कानावर फोन पडला. पलीकडं रश्मीचे पीएचडीचे राघवेंद्र सर होते.

"हां सर. नहीं सर, और कोई नहीं, मैं खुद गई थी," रश्मी म्हणत होती.

भाकरी तव्यावर करपली.

फोन ठेवून रश्मी स्वयंपाकघरात आली. "आजी, सर सोमवारी येऊन राह्यले. संगं जनावरांचे डॉक्टर. सगळ्यांसमोर काठ्यांपाशी जाळी फिरवनार. एवढा आकडा वाढला तं त्या पाण्यावर गुरं नेनं बंद करा लागंल म्हनते."

"या उन्हात? मंग गुरं पानी कुठं पितील?"

"ते सर पाहतील."

"अन् काठ्यांपाशी काही निघालंच नाही तं?"

"काऊन नाही निघनार? तूच तं आनल्या." मग रश्मी हसायची थांबली. "नाही निघालं तं सर म्हनतील, पोरीनं घरी बसून आकडे लिवले. दोन वर्षाचं सगळं पान्यात."

खरं सांगायचं रुक्माबाईंनी उद्यावर ढकललं. शुक्रवार गेला. शनिवारी दोनदा रश्मीच्या दारात उभ्या राहिल्या अन् दोनदा झाडू घेऊन परत फिरल्या. झाडायला तिथं कचराही नव्हता. संगणकावर रश्मीनं एक रेघ काढली होती. दोन वर्षं गपगुमान आडवी चाललेली रेघ शेवटी एकदम ताडासारखी वर गेली होती. ती रेघ आपण उभी केली हे रुक्माबाईंना बघताक्षणी समजलं. कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मरेपर्यंत कोणासमोर मान खाली घालायची नाही असं त्या सुनांना सांगत आल्या होत्या. आता नातीसमोर घालायची होती.

रविवारी सकाळी त्या रश्मीच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"त्या गोगलगाई काठ्यांपाशच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "काठ्यांपाशी तीनच निघाल्या. त्यातली एक मेलेली. बाकीच्या मी म्हशीच्या कोपऱ्यातून वेचल्या."

रश्मी उठून बसली. "काऊन पन?"

"डबे रिकामे कसे आनू? मले वाटलं, तू म्हनशील बुढीले एवढंबी जमत नाही."

रश्मीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. मग हळूच, घरात तिसरं कोणी नसतानाही दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, सर उद्या अकरा वाजता येतील. पहिली बस सहाची हाय. आपन दोघी जाऊ. काठ्या उपटून तुह्या कोपऱ्यात रोवू. कोनाले नाही कळनार."

रुक्माबाईंनी नातीकडं पाहिलं. तापानं चेहरा एवढासा झालेला, डोळे मात्र लखलखत होते. पदर खोचून त्या उठल्या, टेबलावरचा फोन उचलला अन् तिच्या हातात दिला.

"रश्मे, मी चुकली ते न समजून चुकली. तू समजून-उमजून चुकाले निघाली, अन् वरून मले संगं नेऊन राह्यली. काठ्या हायत तिथंच राहतील. सरांले फोन लाव. जाळी म्हातारीनं फिरवली, मी गेलीच नव्हती, असं पयले सांग. मंग फोन माह्याकडं दे, कोपऱ्याचं मी सांगीन. हाकललं त्यांनी तुले, तं माही नात खरं बोलून हाकलली गेली, असं मी चारचौघात मान वर करून सांगीन. पन खोट्या काठीवर मोठी झाली, तं माही नात म्हनून नाव घेनार नाही."