अर्धी पांढरी गच्ची

"खाली उतर म्हनलो ना! ऐकू येऊन नाही राह्यलं?"

नवऱ्याचा, अमरचा, आवाज अंगणातून आला तेव्हा साधना स्लॅबवर ओणवी होऊन केरसुणीनं चुना फासत होती. अर्धी गच्ची पांढरी झाली होती, अर्धी अजून काळी, शेवाळ करपलेली. पांढरकवड्याचं मे महिन्यातलं ऊन. डोक्यावर येण्याआधी काम उरकायचं म्हणून ती सकाळीच वर चढली होती, पण एकटीनं शिडीवरून बादल्या चढवताना वेळ गेला तो गेलाच.

"एवढा अर्धा राह्यला जी. झाला की उतरते."

"कोनाले इचारून चढली?"

विचारलं कुणालाच नव्हतं. परवा तिची सासू, मैनाबाई, समोरच्या खोलीत खाटेवरून उठता उठता कोसळली होती. त्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती धग खाली सोडायचा. पंखा गरम हवा नुसती ढवळत राहायचा. घरात कूलर एकच, तो मागच्या खोलीत, अमरच्या उशाशी. सासूसाठी तो पुढे ओढायला साधनानं हात लावला, तर अमरनं तिचं डोकं कूलरच्याच पत्र्यावर आपटलं. कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिथं येणाऱ्या सिस्टरनं एकदा सांगितलं होतं, स्लॅबवर चुना फासा, खोली बरीच थंड होते, विजेचंही काम नाही. तिनं चुना आणला, रात्रभर भिजवला आणि सकाळी त्यात पांढरं सिमेंट कालवलं.

अमर हायवेवर ट्रकच्या बॉड्यांना वेल्डिंग करायचा. आज तिथली लाइट गेली, काम बंद पडलं, ट्रकवाल्याशी बाचाबाची झाली आणि तो भडकलेल्या डोक्यानं घरी आला. घरीही लाइट नव्हती. कूलर बंद. आणि बायको गच्चीवर.

"पोटऱ्या उघड्या टाकून साऱ्या मोहल्ल्याले तमाशा दाखवून राह्यली!"

"मायसाठी करून राह्यली. मरन ते अशा गरमीत."

"मंग राय वरच."

त्यानं शिडी ओढली आणि अंगणात आडवी टाकून दिली.

साधना काठाकडे धावली. ओल्या चुन्यावर ठसे उमटू नयेत म्हणून चपला तिनं खालीच काढल्या होत्या. काळ्या भागावर पाय पडताच तळवे असे भाजले की ती तशीच मागे पांढऱ्यावर आली. तिथं उभं राहता येत होतं. तिथून तिनं दोनदा हाक दिली, "शिडी लाव जी." अमर आत गेला होता. शेजाऱ्यांना तिनं हाक मारली नाही. या घरातला आरडाओरडा आजवर सगळ्यांनी ऐकला होता आणि ऐकून आपापली दारं लोटली होती. मागच्या बाजूला न्हाणीचा पत्रा होता, पण तो गंजून चाळण झालेला. त्यावर पाय ठेवायची तिची हिंमत होईना. घसा सुकला. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पदर डोक्यावर ओढून ती चुन्याच्या बादलीशी उकिडवी बसली.

तेवढ्यात खाली शिडी खरडल्याचा आवाज आला.

मैनाबाई होती. लेक सुनेला मारायचा तेव्हा जी बाई ज्वारी निवडत बसायची, मान वर करायची नाही, ती आज भर उन्हात वाकून शिडीचं एक टोक उचलायला बघत होती. टोक वीतभर उठायचं आणि हातातून निसटायचं.

"राहू दे, माय! आत जा!" साधना वरून ओरडली.

ते ऐकून अमर बाहेर आला. "बुढे, सोड ते."

"भाजून मरन ना रे ते पोरगी."

"मरू दे. सोड म्हनतो."

मैनाबाईनं सोडली नाही. अमरनं शिडीला हिसका दिला. शिडीसकट म्हातारी फरपटली, आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आदळलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तरी तिची बोटं शिडीच्या पायरीला तशीच आवळलेली होती. ती सुटावीत म्हणून अमरनं त्या बोटांवर बूट ठेवला आणि दाबला. साधना बादली उचलून तापलेल्या काळ्या भागावरून काठाशी धावली.

"अमर!"

इतक्या वर्षांत साधनानं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. त्यानं चमकून वर पाहिलं. तिनं बादली उपडी केली.

चुना सगळा त्याच्या तोंडावर गेला. आधी तो नुसता उभा राहिला, मग असा किंचाळला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. डोळे चोळत तो भिंतीवर आदळला, पडला, पुन्हा उठला. साधनानं न्हाणीच्या पत्र्यावर उडी घेतली. पत्रा फाटला, ती आत कोसळली. नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलली गेली.

लंगडत ती आधी सासूकडे गेली. श्वास चालू होता. पदर फाडून तिनं डोकं आवळून बांधलं. मग न्हाणीतल्या टाक्यातून बादली भरून आणली.

"पानी! साधे, पानी टाक! डोये गेले माहे!" अमर जमिनीवर बसून हात पुढे करत होता.

भरलेली बादली घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग तिनं त्याचं डोकं मागे धरलं आणि पाणी ओतलं. बादलीमागून बादली ओतत राहिली. शेजारचा फकिरा ऑटो घेऊन आला, तोवर ती ओततच होती.

यवतमाळच्या दवाखान्यात अमरचा डावा डोळा गेला. उजव्याची आशा होती.

"पाणी लगेच टाकलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लगेच नाही," साधना म्हणाली.

जबाब घ्यायला हवालदार आला. त्यानं वऱ्हांड्यात तिची सोललेली नडगी पाहिली, कपाळ पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, बादली निसटली असन ना? तसं लिहू का?"

"निसटली नाही. म्या ओतली."

बाकावर डोक्याला पट्टी बांधलेली मैनाबाई बसली होती. तिची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. ती म्हणाली, "साहेब, माह्यंही लिहून घ्या. लेकानं काय केलं ते म्या सांगते." आणि सांगायला बसली ती केवळ आजचं नाही. साधना लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिनं सुरुवात केली. हवालदार लिहीत राहिला.

अमरची बहीण मुकुटबनहून निघाली होती, पण ती पोचायला संध्याकाळ होणार होती. उजव्या डोळ्यात तासातासाला थेंब टाकायचे होते. सिस्टरनं बाटली साधनाच्या हातात दिली.

ती खाटेशी गेली. अमर उताणा पडला होता, डाव्या डोळ्यावर कापसाची जाड घडी. पावलांच्या आवाजानं त्यानं मान वळवली.

"कोन हाय?"

तिनं बाटलीचं बूच काढलं. पापणी उघडायला हात उचलला. त्या हाताची अंधुक सावली त्याला दिसली असावी. त्याचं सगळं अंग दचकलं आणि त्यानं कोपर चेहऱ्यावर आडवं धरलं, हनुवटी छातीत घातली.

साधना थांबली. तसं कोपर धरल्यावर कानाशी कसा ठोका वाजतो, डोळे किती घट्ट मिटतात, ते तिला ठाऊक होतं. बाटली हातात धरून ती त्याचा हात खाली येण्याची वाट बघत उभी राहिली.